मदत हवी आहे: तालिकेतली ‘पाहा’ कार्डं संगणकात परत कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायचं, काम बघते. इथे ग्रंथालयवाले आहेत, संगणकवाले आहेत आणि जुनी पुस्तकं हुडकत फिरणारे वाचकही आहेत, म्हणून प्रश्न इथेच टाकतेय. लांबलचक होईल, पण अडचण नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

इतिहासात पीएचडी करणारी एक मुलगी आमच्याकडे येते. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेग आला, तेव्हा लोकांसाठी मराठीत काय काय छापलं गेलं ते तिला बघायचं होतं. तिनं ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकातल्या तालिकेवर) ‘प्लेग’ टाकलं. अलीकडची दोन-तीन पुस्तकं आली, जुनं एकही नाही. ती पिशवी उचलून निघाली होती. आमचे एक निवृत्त सहकारी अजून रोज सकाळी पेपर वाचायला येतात, ते शेजारच्या टेबलावरून म्हणाले, “अगं, ग्रंथिक सन्निपात घालून बघ.” घातलं, आणि एक पुस्तिका निघाली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद, दुसऱ्या दोन पुस्तिकांबरोबर एकाच पुठ्ठ्यात शिवलेली. त्या काळी प्लेगला हे नाव होतं, कोणी गाठीचा ताप म्हणायचे. शीर्षकात ‘प्लेग’ नाही आणि विषयाचा रकाना रिकामा, मग ‘प्लेग’ शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?

त्याच दिवशी संध्याकाळी मी जिन्याखालचं जुनं कार्डांचं कपाट उघडलं. ‘प’चा खण ओढला. निळ्या शाईत, टाकानं लिहिल्यासारख्या जाडबारीक अक्षरात एक कार्ड होतं: ‘प्लेग. पाहा: ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप.’ कोणीतरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे काम करून ठेवलं होतं! कार्डं संगणकात चढवताना ते गळलं. कारण साधं आहे. टायपिंगचं काम बाहेर दिलं होतं, ज्या कार्डावर दाखल क्रमांक (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकाला मिळणारा नंबर) तेवढंच टाइप करायचं असं ठरलं होतं. ‘पाहा’ कार्डावर दाखल क्रमांक नसतोच. ती पुस्तकाची नसतात, वाटेची असतात.

तेव्हापासून वेळ मिळेल तसा एकेक खण बघते आहे, आणि काय काय हरवलंय ते कळत चाललंय.

नावांचंच बघा. ‘ठोमरे, त्र्यंबक बापूजी. पाहा: बालकवी.’ ‘दामले, कृष्णाजी केशव. पाहा: केशवसुत.’ ‘गोविंदाग्रज. हेही पाहा: गडकरी, राम गणेश.’ ही सगळी कार्डं होती. आजच्या आमच्या ओपॅकवर चिं. त्र्यं. खानोलकर शोधले तर आरती प्रभूंची कविता येत नाही. त्यात आद्याक्षरांचा घोळ वेगळाच. ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘वि.वा. शिरवाडकर’, ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ आणि ‘शिरवाडकर, विष्णू वामन’ ही आमच्या डेटाबेसात चार माणसं आहेत. कुसुमाग्रज पाचवे.

लेखनाचं तर विचारूच नका. १९६२च्या नियमांआधीची पुस्तकं ‘साधनें’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी. नोंद करणाऱ्या एकीनं शीर्षक जसंच्या तसं उतरवलंय, दुसरीनं अनुस्वार काढून टाकलेत. दोघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण वाचकाला दोन्ही वेळा वेगवेगळं टाकून बघावं लागतं. आणि एक चूक तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द काही नोंदींत सापडतो, काहींत नाही. पडद्यावर दोन्हीकडे एकसारखाच दिसतो. अक्षरं सुटी करून पाहिली तेव्हा कळलं की एका कीबोर्डनं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घातलंय आणि दुसऱ्यानं साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकलंय.

रोमन लिपीतनं शोधणारे निराळेच. आमच्या काही नोंदी परदेशी ग्रंथालयांकडून उतरवून घेतलेल्या, त्यांत ‘ज्ञ’ हा ‘जे-एन’ असा लिहितात. आपली मुलं ‘डी-एन-वाय’ टाइप करतात. ज्ञानेश्वरांवरचं काहीही रोमनमधून शोधलं की हातात शून्य.

आणि साल. शके १८१९ छापलेलं पुस्तक आमच्याकडे १८१९ सालचं म्हणून नोंदलं गेलंय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक! ‘१८९० ते १९००’ अशी चाळणी लावली की हे पुस्तक बाहेर फेकलं जातं. त्या मुलीनं नेमकी तीच चाळणी लावली असती.

आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतो, नोंदी मार्क २१ या साच्यात (त्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो), झेब्रा शोधयंत्र. तालिकीकरणाला दोघीच आहोत आणि देवघेवीच्या खिडकीवरही आम्हीच बसतो. सगळ्या नोंदी नव्यानं करणं आमच्या हातून या जन्मी होणार नाही. म्हणून विचारते:

‘पाहा’ कार्डं कोहात घालायची योग्य जागा कोणती? प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत सगळी पर्यायी नावं कोंबत बसायचं का? ऱ आणि अनुस्वारांचं काही एकगठ्ठा करता येतं का, की नोंद न नोंद उघडावी लागेल? आणि शके सालाचं कुणी काय केलंय?

कुणी आपल्याकडे हे केलं असेल तर कृपया लिहा. खणात अजून पुष्कळ कार्डं आहेत आणि ती ज्यांना वाचता येतात असे आमच्याकडे आता ते एकच गृहस्थ आहेत.

प्रतिसाद १

ताई, पुस्तकाच्या नोंदीत कोंबू नका. ‘पाहा’ कार्डाची जागा ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावाचं ठरवलेलं रूप आणि त्याची पर्यायी रूपं ठेवणाऱ्या स्वतंत्र नोंदीत. विषय असेल तर ठरवलेलं रूप १५०मध्ये (‘प्लेग’) आणि बाकीची नावं एकेक करून ४५०मध्ये. व्यक्ती असेल तर १०० आणि ४००. मग पुस्तकाच्या नोंदीत ६५० (विषय) भरून ते त्या ऑथॉरिटीला जोडायचं. कोहात हा दुवा उपक्षेत्र ९मध्ये बसतो. नुसतं नाव तंतोतंत सारखं असून भागत नाही, दुवा हवा. त्यानंतर सिस्टिम प्रेफरन्समध्ये ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ चालू करा आणि संपूर्ण इंडेक्स नव्यानं बांधा. मग वाचकानं ‘गाठीचा ताप’ टाकलं तरी ‘प्लेग’ला जोडलेलं सगळं येईल. कार्ड एकदाच चढवायचं, पुस्तकं कितीही असोत.

कुसुमाग्रज-शिरवाडकरांबद्दल मात्र थांबा. त्यांनी कविता एका नावानं लिहिली, नाटकं दुसऱ्या. नियमाप्रमाणे दोन ऑथॉरिटी करून ५०० या रकान्यानं एकमेकींना जोडायच्या, म्हणजे तुमचं ‘हेही पाहा’. तुमच्या जुन्या तालिकाकारांनी गोविंदाग्रजांच्या कार्डावर ‘हेही’ लिहिलंय ते उगाच नाही.

शकेसाठी: २६४मध्ये (प्रकाशनाचा रकाना) पुस्तकावर आहे तसंच ‘शके १८१९’ लिहा, पुढे चौकोनी कंसात इसवी सन. चाळणी ००८मधल्या सालावर चालते, तिथे १८९७ आणि १८९८ दोन्ही घाला, प्रकार ‘क्यू’ (साल अनिश्चित). शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे पौष-माघात छापलेलं पुस्तक ७८ मिळवून एक वर्ष मागे राहतं. नोंदीत मराठी पुस्तकाचं साल १७०० ते १८२२च्या दरम्यान दिसलं की ते शके असल्याची शंका घ्यायची. अशी यादी एसक्यूएल रिपोर्टनं (डेटाबेसाला विचारलेल्या प्रश्नानं) पाच मिनिटांत निघते.

प्रतिसाद २

ऱसाठी नोंदी उघडायची गरज नाही. तुमचा झेब्रा सीएचआर या साध्या अक्षर-नियमांवर चालत असेल तर आधी आयसीयूवर (युनिकोडच्या नियमांवर) आणा, देवनागरीला तेच लागतं. आयसीयूच्या फाइलमध्ये रूपांतराचे नियम लिहिता येतात: ‘र + हलन्त + जोडचिन्ह’ दिसलं की ‘ऱ + हलन्त’ समज. नियम इंडेक्सला आणि वाचकानं टाकलेल्या शब्दाला, दोन्हींना लागतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) हे करत नाही, त्या भरवशावर राहू नका.

अनुस्वाराला सरसकट कात्री लावू नका. शब्दाच्या शेवटी े, ी, ू यांच्यावरचा काढला तर चालतं (साधनें, नाहीं, करूं). पण ‘केलं’, ‘घरं’ यांच्यावरचा काढलात तर ‘केल’, ‘घर’ होऊन बसेल. शब्दाच्या मधले, कांहीं, नांव, पांच वगैरे, यादी करूनच घ्यावे लागतात. यादी फार मोठी होत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चाचणी सर्व्हरवर प्लेगची ऑथॉरिटी करून बघितली. ‘गाठीचा ताप’ टाकलं आणि पुस्तिका आली. त्या मुलीला फोन केला, ती दुपारीच हजर झाली. ‘पाहा’ कार्डं आता खणाखणानं चढवतोय, ते निवृत्त सहकारी स्वतःहून वाचून दाखवतात आणि मी टाइप करते. ऱचा नियम आमच्या संगणक विभागाकडे दिलाय.

यातून एक नवीन सापडलं. त्या पुठ्ठ्यातल्या दुसऱ्या दोन पुस्तिका मी उघडल्या. एकीत घर धुवून-पुसून चुना कसा लावायचा ते आहे, दुसरी म्हणजे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलेल्यांसाठी सूचना. दोन्हींची नोंदच नाही. तिघींना मिळून एकच दाखल क्रमांक, आणि टाइप करणाऱ्यानं पहिलंच शीर्षपान पाहिलं. दाखल नोंदवहीत याच वर्षाखाली ‘एकत्र बांधणी’ असा शेरा पानापानावर दिसतोय. एकाच बारकोडवर तीन वेगळ्या नोंदी कोहात कशा लावता? ७७३नं (दुसऱ्या नोंदीशी जोडणारा रकाना) जोडून, की ५०१मध्ये (सोबत काय बांधलंय ते सांगणारा रकाना) टीप देऊन?