थायरॉईडची गोळी चालू असताना अश्वगंधा, शतावरी घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय 32, राहायला ठाण्यात, मानपाड्याला. पाळी 45-50 दिवसांनी येते, कधी दोन महिने उलटतात. सोनोग्राफीत पीसीओडी (बीजांडकोशाचा त्रास) निघालं. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला, म्हणून रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिन 50 घेते. वर्षभर बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. (‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल’ हे कृपया कुणी लिहू नका, ते घरी रोज ऐकते.)

गेल्या महिन्यात सासूबाईंनी जांभळी नाक्यावरून शतावरी, अश्वगंधा आणि अशोकाची साल आणून दळून घेतली. रोज रात्री दुधातून चमचाभर. सालीच्या तुरटपणाने दुधाची पार वाट लागते, पण ते असो. शिवाय शेजारच्या काकूंनी रजःप्रवर्तिनी वटीची डबी दिलीय, "पाळी लांबली की घे, चार दिवसांत येते." त्यांच्या भाचीला आली म्हणे.

चूर्ण तीन आठवडे घेतलं. आता रात्री छातीत धडधडतं, झोप लागत नाही. डबी अजून उघडलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "मला त्यातलं माहीत नाही, बंद करा." पण का बंद करायचं, हे मला घरी सांगता यायला हवं ना? भर उन्हात बाजारात जाऊन आणलंय हो त्यांनी.

जवळपास कुणी रिपोर्ट बघून औषध देणारे वैद्य असतील तर तेही सांगा.

प्रतिसाद 1
मी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आहे. चूर्ण आजच थांबवा. अश्वगंधेने थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात, त्यात तुमची गोळी चालू. धडधड त्यामुळेच आहे असं इथून सांगता येणार नाही, पण टी3, टी4, टीएसएच लगेच करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दिवस राहिले तरीही अश्वगंधा नको.

अशोकाची साल आम्ही देतो ती पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर. तुमची तक्रार नेमकी उलटी! शतावरी त्यातल्या त्यात सौम्य, पण तिचं नाव मुख्यतः बाळंतिणीच्या दुधासाठी.

वटीत कोरफडीचा वाळवलेला रस, हिंग, टंकण (टाकणखार), कासीस (हिराकस) असतं. पाळी आणण्यासाठीचंच औषध ते. बाळासाठी प्रयत्न चालू असताना पाळी लांबली तर आधी यूपीटी (लघवीवरची गर्भचाचणी) करायची. दिवस राहिलेले असताना ती वटी पोटात जाता कामा नये.

प्रतिसाद 2
वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात स्त्रीरोगाचा विभाग आहे. दादरला उतरून बस मिळते. नवी मुंबईकडून सोयीचं असेल तर नेरूळला डी. वाय. पाटीलचं आयुर्वेद कॉलेज आहे. सगळे रिपोर्ट आणि गोळीची पट्टी न्या, आणि सासूबाईंनाही न्या. आमच्याकडे आईला माझं पटलं नव्हतं, वैद्यांनी तेच सांगितल्यावर लगेच पटलं.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. चूर्ण बंद केलं. यूपीटी केली, निगेटिव्ह आहे. थायरॉईडसाठी रक्त आज सकाळीच देऊन आले. "तुझ्या उलट्या तक्रारीचं औषध आणलं की काय मी?" म्हणून सासूबाई आधी हसल्या, मग जरा गप्पच झाल्या. सोमवारी वरळीला येतायत. उरलेली पुडीही बरोबर घेणार आहेत, म्हणे वैद्यांना दाखवल्याशिवाय टाकायची नाही.