प्लग-इन हायब्रिड: स्क्रीनचा ॲव्हरेज, पंपाच्या पावत्या आणि सबमीटर यांचा मेळ बसेना

जुळे_सोलापूर

मे महिन्याचा हिशोब खाली मांडतोय, चूक कुठे आहे ते सांगा.

गाडी पेट्रोल प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही (पेट्रोल इंजिनही आणि भिंतीच्या प्लगवर चार्ज होणारी बॅटरीही), बॅटरी कागदावर १८ युनिटची. रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते चिंचोली एमआयडीसी आणि परत, रविवारी कधी तुळजापूर, कधी पंढरपूर. चार्जिंग घरीच, गाडीबरोबर आलेल्या केबलने ८ अँपिअरवर, महिन्यात २२ रात्री. चार्जिंगच्या लाइनला वेगळा सबमीटर आहे.

ओडोमीटरवर १,२४० किमी झाले. टाकी फुल ते टाकी फुल २६.४ लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे ४७ चा ॲव्हरेज. स्क्रीन ५२.१ दाखवते.

खरा घोळ विजेचा आहे. स्क्रीनवर वापर दिसतो १९.२ युनिट प्रति १०० किमी. १,२४० किमीला गुणलं तर २३८ युनिट होतात. सबमीटरवर मात्र २१४ च पडलेत. भिंतीतून आली त्यापेक्षा जास्त वीज गाडीने वापरली कशी? चार्जिंगमध्ये वीज वाया जाते म्हणतात, मग हे उलटं व्हायला हवं ना? आणि माहितीपत्रकातला आकडा या कशाच्याच जवळपास नाही.

सबमीटर खराब समजून बदलून टाकू का?

मीटरवाला

बदलू नका ओ, सबमीटर शहाणा आहे. गुणाकार चुकलाय.

ते १९.२ सगळ्या १,२४० किमीवर काढलेलं नाही. बऱ्याच गाड्या विजेचा आकडा फक्त इंजिन बंद असताना झालेल्या अंतरावर काढतात, पेट्रोलचा मात्र एकूण अंतरावर. दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी, आणि भाजक वेगळे! ट्रिपच्या पानावर 'इलेक्ट्रिक अंतर' किंवा 'शून्य उत्सर्जन अंतर' अशी एक ओळ असेल, ती बघून सांगा. ती ९०० च्या आसपास निघावी असा अंदाज आहे. ९०० धरलं तर ९ × १९.२ = १७२.८ युनिट. सबमीटरचे २१४. फरक ४१ युनिट, साधारण १९ टक्के.

हे ४१ युनिट गेले कुठे? स्क्रीन मोजते ते बॅटरीतून बाहेर पडलेलं. भिंतीपासून बॅटरीपर्यंत जे गळतं ते तिला दिसतच नाही. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर भिंतीच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करताना काही टक्के खातो. त्याशिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोलर, कूलंट पंप, १२ व्होल्टची बॅटरी सांभाळणारा कन्व्हर्टर हे सगळं जागं असतं. त्याला २०० ते ३०० वॅट धरा. करंट कितीही असो, हा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

म्हणून ८ अँपिअर महाग पडतं. २३० व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे १,८४० वॅट. त्यातले २५० वॅट वरखर्चाला गेले तर १३-१४ टक्के तिथेच उडाले. १६ अँपिअरला ३,६८० वॅट, तिथे तेच २५० वॅट सात टक्क्यांच्या आत बसतात. तुमच्या आकड्यांवर करून बघा: २१४ भागिले २२ म्हणजे रात्रीला ९.७ युनिट, ८ अँपिअरवर सव्वापाच तास, वरखर्च १.३ युनिट, महिन्याचे २९. चार्जरच्या रूपांतरात सहा-सात टक्के धरले तर अजून १४. तुमचा फरक भरून निघतो.

१६ अँपिअरवर गेलात तर महिन्याला १४-१५ युनिट वाचतील. पण केबल बदलायच्या आधी वायरिंग बघा. लाइन थेट मीटरच्या बोर्डापासून, ४ चौरस मिमी तांब्याची, स्वतंत्र २० अँपिअर एमसीबी, ३० मिलीअँपिअरची टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. अर्थिंग म्हणजे नुसती हिरवी वायर डब्यात सोडलेली नव्हे. २.५ चौरस मिमीची २० मीटर लाइन १६ अँपिअरला सत्तरेक वॅट तापण्यात घालवते, ४ चौरस मिमी ४५. हा फरक किरकोळ आहे, पण ढिल्या सॉकेटचा नाही. तासभर चार्जिंग झाल्यावर प्लग काढून पिना चाचपून बघा. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला, तोवर ८ वरच राहा.

होटगी_रोड

पेट्रोलच्या बाजूचं लिहितो.

गाडीत पेट्रोल मोजणारं मीटर नसतं. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत (रेलमध्ये) दाब किती होता यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हिशोब लावतो. पाच टक्के इकडेतिकडे होणं नवल नाही. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांना इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, तिथेही ५ टक्क्यांची सूट दिलेली आहे. तुमचा फरक २.६ लिटर, दहा टक्क्यांच्या आसपास. हा जास्त वाटतो. पण महिनाभरात एकदाच टाकी भरली असेल तर त्यातला मोठा भाग नोझलचा असू शकतो. ऑटो कट कधी अर्धा लिटर आधी पडतो, कधी नंतर. त्यात पंपावरचा पोरगा "राउंड करू का?" विचारतो आणि आपण मान हलवतो. तिथेच लिटरभर गेला. ५० लिटर जाळणाऱ्या गाडीत ते खपून जातं. २६ लिटरमध्ये एक लिटर म्हणजे चार टक्के.

तर पंप तोच, मशीन तेच, गाडी उभी तशीच, पहिला 'टक' झाला की बस. प्लग-इनची टाकी बहुधा बंद दाबाची असते. झाकणाचं बटण दाबून दाब उतरल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा, नाहीतर कट लवकर पडतो. असे निदान तीन-चार फुल टँक एकत्र धरून हिशोब करा. पंपावरच शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापात ओतून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे.

बाकी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे स्क्रीन चुकतेच, तो फरक वेगळा.

सातरस्ता

शेवटच्या ओळीला हरकत आहे. ई२० ने गाडीचा वापर वाढतो हे बरोबर. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून ई२० मध्ये ती सहा-सात टक्क्यांनी कमी. सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने, आपल्याला हे सांगायला नको. पण वापर वाढणं वेगळं आणि स्क्रीन चुकणं वेगळं. इंजेक्टरच्या वेळेवरून मोजणाऱ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) असल्याचं सांगतो, ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडतो, तो जास्तीचा वेळ मोजलाही जातो. म्हणजे आकडा वाढलेला दिसतो, लपत नाही.

चुकतात ती ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) डोंगल लावून चालणारी स्वस्त ॲप. ती हवेच्या वजनाला १४.७ ने भागून पेट्रोल काढतात. १४.७ हे शुद्ध पेट्रोलचं प्रमाण आहे, ई२० चं साडेतेराच्या आसपास. त्यामुळे ॲप लिटरमागे सहा-सात टक्के कमी पेट्रोल दाखवतं. सेटिंगमध्ये इंधनाचं प्रमाण बदलता येत असेल तर बदला.

माहितीपत्रकाच्या आकड्याबद्दल. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत आधी भरलेली बॅटरी संपेपर्यंत गाडी पळवतात, मग रिकाम्या बॅटरीवर. दोन्हींची सांगड घालताना 'इतक्या पल्ल्याची गाडी इतके टक्के विजेवर चालेल' असं गृहीत धरलेलं प्रमाण लावतात. सगळा खेळ त्या गृहीतकाचा. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन सरासरी कागदापेक्षा साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा फरक २० टक्क्यांच्या आसपास होता. २०२५ पासून नव्या मॉडेलना ते प्रमाण कडक केलंय. गंमत म्हणजे चाचणीतला विजेचा आकडा भिंतीपासून, चार्जिंगच्या गळतीसकट मोजलेला असतो. स्क्रीनचा तसा नसतो. त्यामुळे ती तुलनाही सरळ होत नाही.

आणि त्या चाचणीत एसी बंद असतो! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर. उन्हात तापलेली केबिन गार करताना पहिली दहा मिनिटं २-३ किलोवॅट, नंतर किलोवॅटभर. चिंचोलीपर्यंतच्या वीसेक किमीला पाऊण तास लागला तर युनिटभर नुसतं एसीला, म्हणजे १०० किमीला पाच युनिट. सिग्नलला उभं राहिलात की किमी वाढत नाहीत, एसी मात्र खातोच. निघण्याआधी केबल लावलेली असतानाच केबिन गार करा. ती वीज सबमीटरवर पडेल, स्क्रीनवर बहुधा नाही, फरक अजून वाढलेला दिसेल. पण बॅटरीतला पल्ला वाचतो.

जुळे_सोलापूर

इलेक्ट्रिक अंतराची ओळ सापडली: ९०४ किमी. मीटरवाला, मानलं तुम्हाला.

दोन शंका. तुळजापूरला जाताना 'बॅटरी चार्ज' मोड लावला होता, त्याने हिशोब बिघडतो का? आणि आठवड्याचे आकडे असे आहेत: तीन आठवडे १०० च्या आसपास, चौथा १२. सरासरी ७८ यायला हवी ना? मग महिन्याला ५२ कशी?

मीटरवाला

किमी प्रति लिटरची सरासरी काढायचीच नसते, लिटरची काढायची. समजा चारही आठवडे ३०० किमी. तीन आठवडे ३-३ लिटर, चौथ्याला २५. एकूण १,२०० किमीला ३४ लिटर, ॲव्हरेज ३५. ७८ कुठे आणि ३५ कुठे. तुमचा चौथा आठवडा कमी किमीचा असणार, म्हणून ५२ वर निभावलं. स्क्रीनचं एकक 'लिटर प्रति १०० किमी' करून ठेवा, हा घोळच होणार नाही.

चार्ज मोडने बिघडतो, आणि वाईट बिघडतो. इंजिन पेट्रोल जाळून बॅटरी भरतं, मग ती वीज वापरून धावलेले किमी 'इलेक्ट्रिक' खात्यात जातात. सबमीटरला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या १७२.८ मधले काही युनिट पेट्रोलचेच असतील, म्हणजे भिंतीच्या विजेची गळती मी काढली त्याहून थोडी जास्तच. शिवाय ही सर्वांत महागडी वीज. तो मोड बंदच ठेवा.

तुळजापूरच्या घाटाचं म्हणाल तर दोन टनांची गाडी १०० मीटर उंच न्यायला अर्धा युनिट लागतं, बाकी रोधाचं वेगळं. उतरताना रिजेनने (मोटरच ब्रेक लावून वीज परत बॅटरीत भरते त्याने) त्यातलं काही परत येतं, सगळं नाही. आणि वर चार्ज मोडने बॅटरी गच्च भरून उतरायला लागलात तर काहीच नाही, जागाच नसते.

अजून एक: महिन्याची पहिली आणि शेवटची नोंद दोन्ही बॅटरी १०० टक्के असताना, सकाळी केबल काढल्याबरोबर घ्या. एकदा भरलेली, एकदा रिकामी असं झालं तर १४-१५ युनिट हिशोबाबाहेर राहतात.

होटगी_रोड

सातरस्ता, ई२० चं मान्य, मी डोंगलच्या आकड्यांवरून बोलत होतो.

जुळे सोलापूर, पैशांचा हिशोब करताना युनिटचा दर बिलाच्या सरासरीने धरू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. गाडीचे २१४ युनिट घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे वरच्या टप्प्यातले. गाडीशिवायचं बिल आणि गाडीसकटचं बिल, दोन्ही मांडा. त्यांची वजाबाकी हाच गाडीच्या विजेचा खर्च.

टायर किती झिजलेत तेही बघा. ८ मिमीची नक्षी २ वर आली की चाक दीड-पावणेदोन टक्के लहान होतं आणि ओडोमीटर तेवढंच जास्त पळतं. पुणे रोडला जीपीएस लावून ५० किमी ताडून बघा.