मधुमेहात मधल्या वेळचे खाणे : चार वाजताच्या भुकेला काय द्यावे?

बार्शीची लेक

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत आणि त्यांना टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.२ आले. उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास असते, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास ती २३० ते २५० दाखवते. दोन्ही जेवणे बऱ्यापैकी आटोक्यात आहेत : ज्वारीची दीड भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. प्रश्न आहे तो चार वाजताच्या चहाबरोबरच्या खाण्याचा. पूर्वी ते चार मारी बिस्किटे खात असत. ती बंद करून मी आधी शुगर फ्री बिस्किटे आणली, नंतर नाचणीची, मग मखाणे, आणि मधूनमधून आई कमी तेलातले भडंग करते. हे सगळे मधुमेहींना चालते असे ऐकूनच आणले होते, पण साखर काही हलली नाही.

दोन अडचणी सांगून ठेवते. बाबांना कवळी आहे, त्यामुळे कडक दाणे किंवा बदाम चावत नाहीत. दुसरे म्हणजे ते दोन्ही एकादश्या करतात आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ठरलेली असते. मी पुण्यात असते आणि स्वयंपाक आईच करते, त्यामुळे बार्शीच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून आणि तिच्या हाताला सवयीचे असलेले काही सुचवलेत तर फार उपयोग होईल.

आहारवही

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुम्ही आणलेल्या चारही पदार्थांत एक गोष्ट समान आहे : त्यांचे बहुतेक वजन कर्बोदकांचेच आहे. मारीच्या १०० ग्रॅममध्ये ती साधारण ७५ ग्रॅम असतात. शुगर फ्री बिस्किटातून साखर काढली तरी मैदा राहतोच, आणि मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. नाचणी धान्य म्हणून चांगली आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, परंतु कर्बोदकांच्या बाबतीत ती गहू-ज्वारीच्याच पंक्तीत बसते, शिवाय बाजारच्या नाचणी बिस्किटात नाचणी किती आणि मैदा किती हे पाकिटाच्या मागच्या बाजूला वाचल्याशिवाय कळत नाही. मखाण्यांतही १०० ग्रॅमला सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. ते वजनाला हलके असल्यामुळे २० ग्रॅमची एक वाटी खाल्ली तर १५ ग्रॅमवर भागते, पण टीव्हीसमोर डबा घेऊन बसले की वाटी मोजली जात नाही. चुरमुरे तर फुलवलेला तांदूळ आहे. फुलवल्यामुळे त्यातले पिष्ट फार लवकर पचते आणि साखर झपाट्याने वर जाते. भडंगाला तेल कमी घातले तरी त्यात फरक पडत नाही.

म्हणून पदार्थाला काय नाव लावले आहे ते बाजूला ठेवून, वाटीत प्रत्यक्ष किती ग्रॅम कर्बोदके पडतात तेवढे पाहावे. मधल्या वेळच्या खाण्याला मी साधारण १० ते १५ ग्रॅमची मर्यादा धरते आणि त्याच खाण्यात प्रथिने यावीत असा आग्रह ठेवते, कारण त्यामुळे रात्रीच्या जेवणापर्यंत भूक दबून राहते.

कवळी असेल तर शेंगदाणे भाजण्याऐवजी चार तास भिजवून कुकरमध्ये मीठ-हळद घालून उकडावेत. ३० ग्रॅम कोरडे दाणे घेतले तर कर्बोदके अवघी ५ ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने ७ ग्रॅमपर्यंत मिळतात. वर बारीक कांदा, लिंबू घालावे. बाबा खात असतील तर उकडलेले अंडे उत्तम. त्यात कर्बोदके जवळपास नसतातच. अंडे चालत नसेल तर घरी दूध फाडून केलेले पनीर, तव्यावर जिरे-मिरपूड घालून परतलेले. छोटी वाटी दह्यात दोन चमचे जवसाची किंवा कारळ्याची चटणी कालवली तर तीही चांगली लागते, आणि जवसातली बहुतेक कर्बोदके तंतुमय असल्यामुळे ती साखर वाढवत नाहीत. डाळ्याचे कूट ताकात कालवून पिणे हा चावण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे, फक्त कूट दोन मोठ्या चमच्यांपुरतेच घ्यावे, कारण डाळ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो.

चहात साखर किती घालता ते तुम्ही लिहिलेले नाही. दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम. तीही हिशेबात धरावी. साखरेच्या जागी गूळ घालत असाल तर रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो बदल नव्हे.

कृष्णाकाठ

माझ्या सासऱ्यांसाठी मी गेली सहा वर्षे हे करते आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूने सांगते. कोथिंबीर वडी किंवा कोबीची वडी आईंच्या हातातलीच असेल, फक्त त्यातले प्रमाण उलटे करायचे. आपण बेसन जास्त घालतो आणि कोथिंबीर नावाला. चार वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला एकच वाटी बेसन घ्या, आले-मिरची, तीळ, ओवा घाला, तांदळाचे पीठ अजिबात नको, आणि वाफवून सोळा वड्या पाडा. वाटी ९० ग्रॅम बेसनाची धरली तर चार वड्यांत १३-१४ ग्रॅम कर्बोदके येतात. तळायचे नाही. तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. उंडा फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो, म्हणजे आईंना रोज खटाटोप करावा लागत नाही. वड्या मऊ असतात, त्यामुळे कवळीलाही सोप्या.

आता एकादशीचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. एका बशीला ६० ग्रॅम साबुदाणा लागला तरी पन्नासच्या वर ग्रॅम गेले. भगर आणि राजगिरा त्याहून बरे, पण तेही साठ-पासष्टच्या घरात, म्हणून त्यांच्यावरही मोकळा हात नको. आमच्याकडे आता एकादशीला सकाळी राजगिऱ्याची एक लहान भाकरी आणि दाण्याची आमटी असते, आणि चार वाजता खमंग काकडी. काकडी चोचवून पाणी थोडे पिळून काढायचे, दाण्याचे जाडसर कूट, हिरवी मिरची, लिंबू, आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. तुमच्या घरी उपासाला कोथिंबीर चालत असेल तर तीही घालावी. साखरेची चिमूट घालण्याची पद्धत आहे, ती तेवढी सोडायची. लाल भोपळ्याचे दह्यातले भरीतही चालते. सासऱ्यांनी सुरुवातीला खिचडीशिवाय उपास झाल्यासारखा वाटत नाही म्हणून नाराजी दाखवली होती. तेव्हा मी दोन चमचे खिचडी प्रसादासारखी ताटात वाढू लागले आणि त्यावर ते समाधानी राहिले. उपास त्यांच्या श्रद्धेचा आहे, तो मोडायला सांगू नये असे मला मनापासून वाटते.

पट्टीवही

मला स्वतःला चौदा वर्षे मधुमेह आहे आणि नोकरी फिरतीची आहे. माझा अनुभव असा की कोणता पदार्थ आपल्याला चालतो हे आपले बोट सांगते. खाण्याच्या आधी एकदा आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटरवर साखर पाहायची आणि दोन्ही आकडे, पदार्थ आणि त्याचे माप वहीत लिहायचे. दोन आकड्यांतला फरक ४० च्या आत राहिला तर तो पदार्थ मी ठेवतो, वर गेला तर माप कमी करून पुन्हा पाहतो. पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज न करता नवा पदार्थ आला की दोन दिवस करतो.

ताई, तुमच्या लिहिण्यात मला एक जागा रिकामी दिसते. सहा वाजताचा आकडा तुम्ही दिला आहे, पण चार वाजता खाण्याआधी साखर किती असते? दुपारच्या जेवणानंतरची साखरच जर चार वाजता २०० असेल, तर बिचाऱ्या बिस्किटाच्या जागी काहीही ठेवले तरी सहाला आकडा वरच दिसणार. माझ्या बाबतीत नेमके तेच होते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालायला लागलो तेव्हा दुपारचे आकडे उतरले.

प्रवासातले म्हणाल तर बसस्थानकावर उकडलेली अंडी, काकडी, ताक, आणि हंगामात अर्धा पेरू यावर माझे भागते. खारे दाणे घेतो, पण मूठभरच, कारण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि माझा रक्तदाबही औषधावर आहे, त्यामुळे मिठाकडे पाहावे लागते.

तालुक्याचा डॉक्टर

वरच्या सूचना योग्य आहेत, परंतु एक गोष्ट तुमच्या वडिलांच्या बाबतीत विसरून चालणार नाही. ते ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन बाहेर काढते, मग पोटात कर्बोदके गेलेली असोत वा नसोत. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली जाणे क्वचित घडते, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी कर्बोदके कमी केली, आणि तेही उपासाच्या दिवशी, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, हातांना थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि ती वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. त्या क्षणी दाणे, चिक्की किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. आईंना हे आजच फोनवर सांगून ठेवा.

गोळीचे प्रमाण घरच्या घरी बदलू नका. आहार बदलण्याआधी आकड्यांची वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि एकादशीच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे स्पष्ट विचारून घ्या. अकरा वर्षांचा मधुमेह आहे, तेव्हा क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन वर्षभरात तपासले नसेल तर तेही करून घ्यावे. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर पनीर, अंडी, दाणे किती द्यायचे याचा हिशेब बदलतो. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक : डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके अगदी बंद करण्याचा प्रयोग डॉक्टरांना न सांगता करू नये. त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ल साठण्याचा धोका असतो.

बार्शीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे. पट्टीवही दादांचे म्हणणे खरे निघाले. चार वाजता खाण्याआधीच बाबांची साखर १९० च्या पुढे होती. दुपारची भाकरी दीडवरून एक केली, उसळ वाढवली, आणि बाबा जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटे फेऱ्या मारतात. आता चारला १६० ते १७० दिसते. त्यानंतर बिनसाखरेचा चहा आणि उकडलेले दाणे दिले त्या दिवशी सहाला १७४ होती, मखाण्यांची वाटी दिली त्या दिवशी २१९. डॉक्टरांना वही दाखवली; त्यांनी एकादशीच्या गोळीचे चिठ्ठीवर लिहून दिले आहे आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगितल्या आहेत. साखरेचे पाकीट आईने देवघराच्या फळीवर, हाताशी ठेवले आहे.

कृष्णाकाठ काकू, एक विचारायचे राहिले. कोथिंबीर जास्त आणि बेसन कमी घेतल्यावर उंडा सैल होतो आणि वड्या तव्यावर फुटतात, असे आई म्हणते. तुम्ही काय करता?

कृष्णाकाठ

कोथिंबीर धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा आणि मगच चिरा. मीठ अगदी शेवटी घाला, कारण मीठ लागले की कोथिंबिरीला पाणी सुटते, आणि वरून पाणी घालूच नका. तरीही सैल वाटले तर बेसन न वाढवता दोन चमचे जवसाची पूड घाला, ती ओल शोषून घेते. वाफवलेला उंडा पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. मी तर रात्री वाफवून सकाळी कापते.