छोटे धक्के बसून गेले की मोठा भूकंप टळतो का?

घोडबंदरकर: माझी आत्या तलासरीला असते, तिकडे २०१८च्या नोव्हेंबरपासून धक्के सुरू झाले तेव्हा लोक थंडीत बाहेर तंबूत झोपत होते. आता परवा ती म्हणाली की बारीक बारीक हादरे बसले की आतला जोर निघून जातो, मोठा येत नाही. खरंय का हे? आणि एकदा भूकंप होऊन गेल्यावर परत परत धक्के का बसतात?

ऐरोली_सेक्टर८: खडकात खोल जुन्या भेगा असतात, फॉल्ट म्हणतात ते, त्यांच्या दोन बाजू घर्षणाने अडकून बसलेल्या असतात आणि भारताची प्लेट वर्षाला ५ सेंमीच्या आसपास उत्तरेला सरकत हिमालयाकडे रेटा देते, त्याचा ताण पार आपल्याकडच्या खडकापर्यंत येतो. ताण घर्षणाला भारी पडला की बाजू सटकते, तोच भूकंप. पण सटकलेल्या तुकड्यावरचा ताण उतरतो आणि कडेच्या तुकड्यांवर चढतो, मग ते एकेक करून सटकतात, हे आफ्टरशॉक. ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच दाखवलं की त्यांची संख्या ठरावीक पद्धतीने घटत जाते, दहाव्या दिवशी साधारण पहिल्या दिवसाच्या एक दशांश. तलासरी-डहाणूकडे मात्र एक मोठा मुख्य धक्का नाहीच, नुसती मालिका, त्याला स्वार्म म्हणतात.

आणि जोर निघून जाण्याचं म्हणाल तर नाही हो. रिश्टरवर १ अंक वाढला की ऊर्जा ३२ पट. म्हणजे ६ च्या भूकंपाची ऊर्जा काढायला ४ चे हजारेक धक्के लागतील!

पाटणची_लेक: आम्ही कोपरखैरण्याला, पण गाव कोयनेच्या बाजूला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ चा झाला, आणि बारीक धक्के अजून बसतात, मांडणीवरची भांडी वाजली की आजी आधी दाराकडे बघते. तिथे धरणाचं पाणीही कारण आहे, पाण्याचं वजन आहेच पण पाणी भेगांत झिरपून आतला दाब वाढतो आणि घट्ट बसलेल्या बाजू सैल होतात. ताण आधीपासून असतो, पाणी त्याला निमित्त.

घोडबंदरकर: आत्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीये भिंतीला.

पाटणची_लेक: मग त्या भिंतीला लागून खाट ठेवू नका, आजच हलवा. चिरलेल्या भिंतीला पाडायला लहान धक्काही पुरतो. इंजिनिअरला दाखवा, वरून नुसतं प्लास्टर मारून घेऊ नका.