मदत हवी आहे: १० केल्विनला मेथॅनॉल बर्फातून सुटतं कसं?

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय. ताऱ्यांमधल्या अवकाशात वायू-धुळीचे दाट, काळे मेघ असतात, त्यांच्या गाभ्यात तापमान जेमतेम १० केल्विन (म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस). तिथल्या धूलिकणांवर पाण्याचा बर्फ, त्यावर गोठलेला कार्बन मोनॉक्साइड. त्याला एकेक करून हायड्रोजन चिकटत मेथॅनॉल (एक साधं अल्कोहोल) बनतं, इथपर्यंत कळलं. पण नुसत्या उष्णतेने ते उडायला साधारण १०० केल्विन लागतात. तरी वृषभ राशीतल्या एल१५४४ सारख्या थंड गाभ्यात ते वायुरूपात दिसतं! मग ते सुटलं कसं?

अतिनील किरण म्हणावेत, तर ताऱ्यांचा प्रकाश आत पोचतच नाही. वैश्विक किरण (अवकाशातून येणारे अतिवेगवान भारित कण) हायड्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतात आणि त्यातून आतच थोडा अतिनील प्रकाश तयार होतो, हे मान्य. पण प्रयोगशाळेत अशा प्रकाशाखाली मेथॅनॉल अखंड निघण्यापेक्षा त्याचे तुकडेच जास्त होतात. वैश्विक किरणाच्या थेट धडकेने धूलिकण क्षणभर ७० केल्विनपर्यंत तापतो असं धरतात. कार्बन मोनॉक्साइडला तेवढं पुरतं, मेथॅनॉल जागचं हलत नसावं.

राहता राहिली अभिक्रियेची स्वतःची ऊर्जा. शेवटचा हायड्रोजन जोडला जाताना रेणूला जो धक्का बसतो, त्यानेच तो उडतो म्हणे. पण ती ऊर्जा खालचा बर्फ शोषून घेत नाही का? मेघातल्या रासायनिक अभिक्रियांचं गणित करणाऱ्या माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये सध्या असे बनलेल्या रेणूंपैकी १ टक्का सुटतात असं धरलंय, अगदी अंदाजपंचे. पृष्ठभाग पाण्याचा की कार्बन मोनॉक्साइडचा, यावर हा आकडा कसा बदलावा? कुणी असं मॉडेल चालवलं असेल तर कृपया सांगा.