चर्चा: अरिहंत पाणबुडीच्या सेवेचा हिशेब नागरिकांसमोर यावा का?

टिळकवाडीचे गुरुजी (चर्चेची सुरुवात)

आयएनएस अरिहंत २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिची अणुभट्टी कार्यान्वित झाली १० ऑगस्ट २०१३ रोजी, समुद्रातील चाचण्या सुरू झाल्या डिसेंबर २०१४ मध्ये, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ती नौदलात दाखल झाली. ही शेवटची गोष्ट मात्र देशाला दोन महिन्यांनी वर्तमानपत्रांतून समजली. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांनी तिची पहिली प्रतिरोधक गस्त (शत्रूला धाक राहावा म्हणून अण्वस्त्रांसह समुद्रात फिरणे) पूर्ण झाल्याचे सांगितले आणि १४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिने बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र डागल्याचे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. या पाच-सहा तारखा सोडल्या, तर आपल्या पहिल्या क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडीच्या सेवेबद्दल अधिकृतपणे हाती लागण्यासारखे फारसे काही नाही.

माझे म्हणणे असे आहे की, ती आज कोठे आहे आणि तिच्या पोटात काय आहे हे कोणी विचारू नये. परंतु तिने एकूण किती गस्ती पूर्ण केल्या, किती काळ ती गोदीत दुरुस्तीला होती आणि सेवेत असताना जीवितहानीचा अपघात घडला की नाही, या तीन गोष्टी ठरावीक वर्षांनंतर, समजा २५ वर्षांनी, जाहीर करण्याचा नियम असावा. तोपर्यंत संसदेच्या एखाद्या लहान समितीला बंद दाराआड त्या कळत राहाव्यात.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेची 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही जगातील पहिली अणुशक्तीवर चालणारी क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी. मुळात ती शत्रूच्या जहाजांवर आणि पाणबुड्यांवर चालून जाणारी हल्लेखोर पाणबुडी म्हणून बांधली जात होती. अर्धवट बांधलेल्या सांगाड्याच्या मधोमध १६ पोलॅरिस क्षेपणास्त्रांचा विभाग बसवून तिचे रूप बदलण्यात आले. ३० डिसेंबर १९५९ रोजी ती सेवेत आली. २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलॅरिस डागले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती पहिल्या गस्तीवर निघाली. ती गस्त ६६ दिवसांची होती. खलाशांचे 'निळे' आणि 'सोनेरी' असे दोन संच आळीपाळीने तिच्यावर जात, त्यामुळे माणसे विश्रांती घेत असतानाही बोट समुद्रातच राही. २५ वर्षांत तिने ५५ गस्ती केल्या आणि जानेवारी १९८५ मध्ये ती निवृत्त झाली. हे सारे आज कोणीही वाचू शकतो आणि त्यामुळे अमेरिकेचा धाक कमी झाल्याचे दिसत नाही.

येळ्ळूरचा निवृत्त सुभेदार

गुरुजी, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. आपण दिलेले उदाहरण खरे आहे, पण ते आपल्या बाजूचे नाही. अमेरिकेने १९५९ ते १९६७ या काळात अशा ४१ पाणबुड्या सेवेत आणल्या. ४१ मधल्या एकीने २५ वर्षांत ५५ गस्ती केल्या, एवढ्यावरून एखाद्या विशिष्ट दिवशी किती बोटी समुद्रात होत्या हे शत्रूला काढता येत नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडे प्रत्येकी ४ असतात, आणि त्यांतली एक सतत पाण्याखाली राहावी म्हणून त्यांची किती ओढाताण होते ते जगजाहीर आहे. आपल्याकडे अशी दुसरी पाणबुडी, अरिघात, २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. म्हणजे आठ वर्षे अरिहंत एकटीच होती. एकट्या बोटीच्या गस्तींची संख्या आणि गोदीतला काळ सांगितला, तर ती घरी नव्हती असे दिवस किती आणि घरी होती असे दिवस किती, याचा हिशेब शाळकरी मुलगाही मांडील.

दुसरी गोष्ट धोरणाची. अण्वस्त्रे प्रथम वापरायची नाहीत, असे आपण जानेवारी २००३ मध्ये लेखी जाहीर केले आहे. पहिला घाव सोसूनही प्रत्युत्तर देता येईल, हा विश्वास ज्यावर उभा आहे ती ही पाणबुडी. जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात, विमानतळ दिसतात. ती दिसत नाही, एवढेच तिचे बळ आहे. जो देश पहिला वार करण्याचा हक्क राखून ठेवतो, त्याला थोडे उघडे पडणे परवडते. आपल्याला परवडत नाही.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याच बेळगाव शहरात आहे. मुलगा कोणत्या चौकीवर आहे हे आई विचारत नाही, कारण पत्रात ते लिहिता येत नाही हे तिला माहीत असते.

निपाणीची वकील

सुभेदारसाहेब, आई मुलाची चौकी विचारत नाही हे मान्य. पण मुलाला काही झाले तर तिला कळवले जाते. गुरुजींच्या तीन मुद्द्यांपैकी तिसऱ्याबद्दल, म्हणजे अपघातांबद्दल, आपण काहीच बोलला नाहीत.

'जॉर्ज वॉशिंग्टन'च्या इतिहासातला एक दिवस गुरुजींनी सांगितला नाही, तो मी सांगते. ९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात वर येत असताना तिची 'निश्शो मारू' या जपानी मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. ते जहाज काही मिनिटांत बुडाले, कप्तान आणि त्याचा एक अधिकारी मरण पावले आणि उरलेले १३ जण तराफ्यांवर तरंगत राहिले. पाणबुडीने त्यांना उचलले नाही. त्यांना बऱ्याच तासांनी जपानी युद्धनौकांनी वाचवले, आणि अमेरिकेने जपान सरकारला अधिकृतपणे कळवण्यात एक दिवसाहून अधिक काळ घालवला. मित्रराष्ट्राशी असे वागल्याबद्दल तिथे मोठा गदारोळ झाला. पुढे अमेरिकेने जबाबदारी स्वीकारली. गुप्तता कशासाठी वापरली जाते, हे अशा प्रसंगी दिसते. बोटीचा ठावठिकाणा लपवण्यासाठी ती असते तोवर ठीक. चूक लपवण्यासाठी वापरली जाऊ लागली की तिला संरक्षण म्हणणे कठीण आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये तर ब्रिटनची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रान्सची 'ल त्रियोंफां' या दोन क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्या अटलांटिकमध्ये एकमेकींवर आदळल्या. फ्रान्सने आधी आपली बोट पाण्यातल्या एखाद्या कंटेनरला धडकली असावी असे सांगितले होते. वृत्तपत्राने बातमी फोडल्यावर दोन्ही देशांनी टक्कर मान्य केली. कबुलीनंतरही दोघांच्या गस्ती चालूच राहिल्या, हे इथे महत्त्वाचे.

अरिहंतबद्दल जानेवारी २०१८ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने लिहिले होते की, बंदरात असताना मागच्या बाजूचे एक झाकण उघडे राहून आत पाणी शिरले आणि बोट काही महिने अडकून पडली. ते खरे असेल, अतिरंजित असेल. मी निवाडा करत नाही. पण अधिकृत तपशील नसल्यामुळे ती बातमी आजही परदेशी लेखांतून फिरते, आणि तिला उत्तर द्यायला आपल्या हातात एक ओळ नाही.

उद्यमबागेतला कारखानदार

दोन्ही बाजूंनी ही बोट पूर्ण तयार शस्त्र आहे असे धरून वाद चालला आहे. मला ते पटत नाही.

अरिहंत सेवेत आली तेव्हा तिच्यासाठी जे क्षेपणास्त्र तयार होते, त्या के-१५ चा पल्ला सुमारे ७५० किलोमीटरचा. कराचीपासून इस्लामाबाद सरळ रेषेत ११०० किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे अरबी समुद्रात शत्रूच्या किनाऱ्याला खेटून उभे राहिले, तरी राजधानी टप्प्याबाहेर. चीनची गोष्ट तर सोडूनच द्या. साडेतीन हजार किलोमीटर पल्ल्याच्या के-४ क्षेपणास्त्राची पाणबुडीवरून चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तीही अरिघातवरून. अरिहंतच्या चार नळ्यांत के-१५ बारा मावतात आणि के-४ चारच. म्हणून मी या बोटीकडे प्रामुख्याने शिकण्याची बोट म्हणून पाहतो. कल्पक्कमला जमिनीवर तिच्या अणुभट्टीची प्रतिकृती २००६ पासून चालवली गेली, सांगाड्याचे भाग हझिऱ्याला घडवले गेले, वालचंदनगरच्या कारखान्याने गिअरबॉक्सचे काम केले, समृद्ध युरेनियम आपल्याच कर्नाटक राज्यात म्हैसूरजवळच्या रत्नहळ्ळीला तयार होते. ८३ मेगावॅटची अणुभट्टी १११ मीटर लांबीच्या बोटीत बसवायची, ती समुद्रात हलती-डुलती ठेवून चालवायची, आणि ती चालवणारी माणसे तयार करायची, हीच तिची खरी कामगिरी आहे. भाड्याने आणलेल्या सोव्हिएत 'चक्रा' या अणुपाणबुडीवर आपली माणसे १९८८ ते १९९१ या काळात अणुपाणबुडी चालवायला शिकली. पण अरिहंतसारखी अण्वस्त्रे वाहणारी बोट भाड्याने कोणी देत नाही.

ही बाजू पाहिली तर गस्ती मोजणे मला गौण वाटते. गुरुजींच्या नियमाबद्दल एवढेच म्हणेन की, आमच्या फाउंड्रीत प्रत्येक ओतीव भागाला हीट नंबर (तो कोणत्या ओतीच्या धातूचा आहे हे सांगणारा क्रमांक) असतो आणि नाकारलेल्या मालाची वही असते. गिऱ्हाईकाचा तपासनीस आला की ती वही त्याच्यापुढे उघडी करावी लागते, पण ती कारखान्याच्या फाटकावर टांगत नाहीत. संसदीय समिती हवी, माझा पाठिंबा आहे. जाहीर यादी नको.

खानापूरचा वाचक

कारखानदारसाहेबांना विचारावेसे वाटते की, गिऱ्हाईक नेमके कोण? आमच्या तालुक्यातून अणशीच्या घाटाने कारवारला गेले की 'सीबर्ड'चा नौदल तळ लागतो. १९८६ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि २००५ मध्ये तो आयएनएस कदंब या नावाने सुरू झाला. (ज्या कदंबांचे नाव त्याला दिले, त्यांची एक राजधानी आमच्या हलशीत होती, हे जाता जाता.) त्या तळासाठी मच्छीमार आणि शेतकऱ्यांची हजारो कुटुंबे आपल्या जागेवरून उठली आणि वाढीव मोबदल्याचे दावे दशकानुदशके न्यायालयांत चालले. तो अणुपाणबुड्यांचा तळ नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आंध्रात रांबिल्लीला तळ उभा राहतो आहे आणि तिथेही किनाऱ्यावरचे कोळीच उठले आहेत. जमीन देणाऱ्याला गिऱ्हाईक मानायचे की नाही, एवढे सांगा. आम्हा सीमाभागातल्या माणसांना उत्तरासाठी थांबण्याची सवय आहे. आपला सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच.

येळ्ळूरचा निवृत्त सुभेदार

मोबदल्याचा प्रश्न न्याय्य आहे, पण तो महसूल खात्याचा आहे. तो मिळवण्यासाठी पाणबुडीच्या गस्ती उघड करण्याची गरज नाही.

वकीलताई, अपघातांबद्दल आपले म्हणणे मी टाळले नव्हते, ते वेगळे ठेवले होते. व्हॅनगार्डची टक्कर मान्य केल्यावरही गस्त चालू राहिली, कारण त्यांच्याकडे आणखी तीन बोटी होत्या. अरिहंत एकटी असताना ती महिनोन्महिने बंद आहे अशी कबुली सरकारने दिली असती, तर त्या महिन्यांत समुद्रातून प्रत्युत्तर येणार नाही, असे आपणच लिहून दिल्यासारखे झाले असते. खोट्या बातमीचेही खंडन करता येत नाही, कारण एकदा खंडन केले की पुढच्या वेळचे मौन हीच कबुली ठरते.

टिळकवाडीचे गुरुजी

सुभेदारसाहेबांचा हा शेवटचा मुद्दा बळकट आहे, पण तो आजच्या मौनाला लागू पडतो. मी २५ वर्षांनंतरचे बोलत आहे. २०१७ मध्ये बोट किती महिने गोदीत होती हे २०४२ मध्ये कळले, तर २०१७ मध्ये न झालेला हल्ला शत्रू मागे जाऊन करू शकत नाही.

आपल्याच नौदलाने जबाबदारीचा एक धडा घालून दिला आहे. 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबई बंदरात स्फोट होऊन बुडाली, १८ जण गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'सिंधुरत्न'वर धूर कोंडून दोन अधिकारी मरण पावले आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्या डिझेलवर चालणाऱ्या बोटी होत्या, म्हणून देशाला कळले. अणुपाणबुडीवर तसेच काही घडले, तर राजीनामा कोणी आणि कोणापुढे द्यायचा, याची व्यवस्था मला दिसत नाही.

येळ्ळूरचा निवृत्त सुभेदार

२५ वर्षांच्या अटीत एक भोक आहे, गुरुजी. अरिघात ही अरिहंतचीच बहीण आहे. सांगाडा त्याच जातीचा, अणुभट्टी त्याच घराण्यातली. अरिहंतला दुरुस्ती किती वर्षांनी लागते, किती महिने लागते, दोन गस्तींमध्ये किती अवधी जातो, हे २०४१ मध्ये कळले, तर त्या वेळी सेवेत असलेल्या बहिणीचे वेळापत्रक अंदाजाने मांडता येईल. म्हणून अट वर्षांची नको. त्या वर्गातली शेवटची बोट निवृत्त झाल्यावर सगळे उघड करा, माझी हरकत नाही. 'जॉर्ज वॉशिंग्टन'चा हिशेब आज वाचायला मिळतो, तोही तिच्या जातीची एकही बोट पाण्यात उरलेली नसताना.

निपाणीची वकील

शेवटची बोट निवृत्त होईपर्यंत पहिल्या बोटीवरचा खलाशी म्हातारा झालेला असेल, आणि माझा आग्रह त्याच्यासाठी आहे. सोव्हिएत 'के-१९' या अणुपाणबुडीवर ४ जुलै १९६१ रोजी अणुभट्टीच्या शीतकरणात बिघाड झाला. नवी जलवाहिनी जोडण्यासाठी माणसे किरणोत्सर्गात शिरली, त्यांतले आठ जण तीन आठवड्यांच्या आत मरण पावले. कोणामुळे अणुभट्टी वितळायची वाचली, हे त्या देशात जवळजवळ तीन दशके मोकळेपणाने सांगता आले नाही. बचावलेल्यांना आपल्या आजाराचे कारण डॉक्टरलाही सांगण्याची मुभा नव्हती, तर निवृत्तिवेतनाचा दावा ते कोणत्या कागदावर मांडणार होते? गस्तींचे आकडे बाजूला ठेवू. पण प्रत्येक खलाशाला मिळालेल्या विकिरणमात्रेची, म्हणजे त्याच्या शरीराने सोसलेल्या किरणोत्सर्गाची नोंद, निवृत्तीच्या दिवशी, त्याच्या स्वतःच्या हातात पडावी. त्यातून कोणत्याही बोटीचे वेळापत्रक निघत नाही.

येळ्ळूरचा निवृत्त सुभेदार

एकूण मात्रा द्या, तारखेवार देऊ नका. तारखेवार दिली तर अणुभट्टी कोणत्या महिन्यांत चालू होती हे त्यावरून निघते. एवढी दुरुस्ती मान्य असेल, तर या मागणीवर माझीही सही घ्या. गस्तींच्या आकड्याला माझा विरोध कायम आहे.