प्रतिसाद: एवढ्या दीर्घिका मोजायच्या कशाला?

वर विचारलंय की एका दीर्घिकेचा (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, गॅलेक्सीचा) चांगला फोटो पुरे, लाखो कशाला मोजायच्या? रात्री पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून मांडवी नदीपलीकडचे दिवे बघा. जवळचा दिवा कुठला, पर्वरीच्या वरचा कुठला, काही कळत नाही. आकाशाच्या फोटोचंही तेच. अंतर कळतं ते वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगांच्या पट्ट्यातल्या) ताम्रसृतीवरून, म्हणजे रंग लाल बाजूला किती सरकलेत त्यावरून, आणि हा वर्णपट एकेकीचा घ्यावा लागतो. म्हणून तर ॲरिझोनातल्या ४ मीटर दुर्बिणीवर 'डेझी' हे वर्णपट घेणारं उपकरण बसवलं: एकेका दीर्घिकेचा प्रकाश टिपणारे ५,००० प्रकाशतंतू, प्रत्येकाला हलवायला चिमुकला रोबो. (आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढायलासुद्धा एवढे हात जमत नाहीत!)

अंतरं घालून नकाशा काढला की जाळं दिसतं, मधे प्रचंड पोकळ्या. पुण्याच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर, स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या माहितीतूनच सापडला.

शिवाय दाट वस्तीतल्या दीर्घिका बहुतेक लालसर, लंबगोल. नवे तारे जवळपास बंद. सर्पिलाकार, निळ्या जास्त करून बाहेरच्या मोकळ्या जागेत. शेजाराचा हा परिणाम एका फोटोत कसा दिसणार?